चौदा दिवसांचा नियम

महबूला, कुवेत
१६ सप्टेंबर २०२३

आदरणीय सर,

नमस्कार. तुमच्या सूनबाईंनी कळवलं की आता कानाला मशीन लावूनही तुम्हाला फोनवरचं काही कळत नाही. तेव्हा यापुढे पत्रच. मी कागदावर लिहीन, फोटो काढून पाठवीन. तुम्हीही तसंच करा.

मी इथे शाळेत पी.टी. शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय गेली दोन वर्षं एका क्लबची अठरा वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉल टीम माझ्याकडे आहे, तुम्ही मला शिकवलेलाच खेळ. पंधरा मुली. आठ आपल्या भारतीय, चार फिलिपिनो, दोन इजिप्तच्या आणि एक अमेरिकन. शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी, तेव्हा सराव. वर्षातून तीन-चार वेळा टीम घेऊन बाहेर जावं लागतं. बहारीन, दोहा, दुबई.

खरा त्रास खेळाचा नाही, पालकांचा आहे. मार्चमध्ये बहारीनला दोन बाप कुंपणावर चढून अंपायरला शिव्या देत होते. एक मुलगी महिनाभर सरावाला आली नव्हती, तिला मी खेळवलं, कारण विमानाची तिकिटं तिच्या वडिलांनी काढली होती. त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून या वर्षी नियम लिहून काढलेत आणि पालकांची सही घेणार आहे. तेवीस नियम झालेत. सोबत पाठवतेय. तुमची लाल पेन्सिल चालवा.

दुसरी गोष्ट. आता प्रत्येक आईबापाला मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायला पाठवायची आहे. सॉफ्टबॉलवर तिथे प्रवेश मिळतो, फीदेखील बरीच माफ होते, हे सगळ्यांना कळलंय. ते मला विचारतात आणि मी रात्रंदिवस त्या कॉलेजांच्या वेबसाइट वाचत बसते. पण माझ्याकडे खरंच तिथे पोचेल अशी मुलगी एकच आहे. इक्रा. सतरा वर्षांची, कॅचर. वडील वाजिद परकार फहाहीलच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मॅनेजर आहेत, आई हफिजा सरकारी हॉस्पिटलात नर्स. मूळचे दापोलीकडचे. सर, ही मुलगी मास्क घालून प्लेटमागे, बॅटरच्या पाठीशी बसली की अख्खी टीम तिच्या आवाजावर हलते. घरी कोकणातली बोली बोलते, माझ्याशी इंग्रजी, आणि चेंडू टाकणारी फिलिपिनो पिचर रडायला आली की तिच्याशी तिच्याच टागालोग भाषेत, मोडकंतोडकं.

तिला कसं पुढे न्यावं, सांगा.

तुमची,
राजश्री


अमरावती
२९ सप्टेंबर २०२३

चि. राजश्री,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तेवीस नियम म्हणजे एकही नाही. पोट्ट्यांना पाठ होतील तेवढेच ठेवायचे. मी अठरा खोडले. पाच उरले. सरावाला नाही ती सामन्याला नाही. पालक कुंपणाबाहेर आणि तोंड बंद. अंपायरशी फक्त तू बोलशील. मार्क घसरले तर बाकावर. बाहेरगावी सगळ्या एकत्र राहतील, एकत्र जेवतील.

सहावा तू लिहिलाच नव्हतास, तो मी लिहितो. डोक्याला मार बसला की पोरगी चौदा दिवस मैदानाबाहेर. त्यानंतर डॉक्टरची चिठ्ठी. आणि चिठ्ठी आली तरी तुझी स्वतःची खात्री पटली पाहिजे. तिन्ही गोष्टी हव्यात. एक जरी नसेल तरी ती बाहेर. हा नियम मोठ्या अक्षरात लिही.

अमेरिकेचं मला काय कळणार. आमच्या वेळी रेल्वेत लागली की पोरीचं भलं झालं म्हणायचे. पण तीन गोष्टी सांगतो. पत्रं तिनं स्वतः लिहावीत, तू नाही, बापानं नाही. व्हिडिओ पाठवशील तो अख्ख्या सामन्याचा पाठव, चुकलेलंही दिसू दे. आणि तुला विचारतील तेव्हा तिच्यातलं उणंही सांग. शंभर पोरींची तारीफ वाचून कंटाळलेला माणूस खरं बोलणारा प्रशिक्षक लक्षात ठेवतो. मुलीला कसलंही वचन देऊ नकोस.

गुडघा दुखतो, तरी सकाळी मैदानावर जातो. शिट्टी वाजवतो, ती मलाच ऐकू येत नाही.

दिनकर भोयर


महबूला
२५ नोव्हेंबर २०२३

आदरणीय सर,

पालकांची सभा झाली. सहा नियमांवर सगळ्यांनी सही केली. हफिजाबाईंनी प्रत्येक ओळ वाचली. सहाव्यावर थांबून म्हणाल्या, "चौदाच का मॅडम? कधी कधी तीन दिवसांत माणूस ठीक होतो, कधी महिना लागतो." मी म्हटलं, माझ्या सरांनी सांगितलंय. त्या हसल्या आणि सही केली.

नियम लगेच वापरावा लागला. आलोक देशमुख म्हणून रिफायनरीत इंजिनिअर आहेत, क्लबच्या समितीवरही आहेत. त्यांची मुलगी लेफ्ट फील्डला खेळते. सरावात पळताना दुसरीच्या खांद्यावर तिचं डोकं आपटलं. जरा गरगरलं, पाच मिनिटांत ठीक. बहारीनचे सामने बाराव्या दिवशी होते. मी तिला नेलं नाही. देशमुख घरी आले. शांतपणेच बोलले, पण चेहरा लाल. "बारा आणि चौदात काय फरक आहे?" मी म्हटलं, "दोन दिवसांचा." ते उठून गेले. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण बाकीच्या मुलींच्या वागण्यात फरक पडला. त्यांना कळलं की समितीवरच्या माणसाच्या मुलीलाही सवलत नाही.

इक्रानं एक्केचाळीस कॉलेजांना स्वतः पत्रं लिहिली. मी फक्त स्पेलिंग बघितलं. सत्तावीस ठिकाणांहून काहीच नाही. बाकीच्यांकडून छापील उत्तरं. आणि ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंनी मात्र अख्ख्या सामन्याचा व्हिडिओ मागितला, बघितला, आणि मला फोन केला. पाऊण तास बोलल्या. मी सांगितलं की दुसऱ्या बेसवरचा तिचा थ्रो अजून हळू आहे. त्या म्हणाल्या, "ते मला दिसलंय. तुम्ही सांगता का तेवढं बघत होते." सर, तुमची आठवण झाली.

त्या फेब्रुवारीत दुबईच्या स्पर्धेला येणार आहेत. तिथे तिला प्रत्यक्ष बघून ठरवतील.

वाजिदभाईंना मुलीला एवढं लांब पाठवायचं नव्हतं. मी दुकानात गेले होते. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, मी बारावी नापास. माझ्या घरात कुणी कॉलेजचं दार बघितलेलं नाही. ती म्हणते डोक्यावर स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालता येतं. मग मी कशाला अडवू?"

तुमची,
राजश्री


अमरावती
१० डिसेंबर २०२३

चि. राजश्री,

देशमुखांच्या पोरीला बसवलंस हे वाचून बरं वाटलं. मी ते पत्र इथल्या पोट्ट्यांना वाचून दाखवलं. बारा आणि चौदात दोन दिवसांचा फरक, हे वाक्य आता आमच्या मैदानावर चालतं.

इक्राचंही सांगितलं. माझ्या विद्यार्थिनीची विद्यार्थिनी अमेरिकेला जाणार म्हणून गावभर सांगत फिरतोय. परवा बँकेत सांगितलं. म्हातारपणी माणूस असा होतो.

ती गेली की तिच्या हेल्मेटमधला फोटो पाठव. आमच्या मैदानावरच्या खोलीत लावू.

दिनकर भोयर


महबूला
५ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

घाईत लिहितेय. गुरुवारी दुबईला निघायचं आहे. कपडे, परवानगीपत्रं, पासपोर्टच्या प्रती, नुसती धावपळ.

इक्राच्या मास्कला सरावात एक फाउल चेंडू लागला होता. काळजीचं काही नाही, डॉक्टरची चिठ्ठी आली आहे, खेळायला हरकत नाही असं लिहिलंय. ती उत्साहात आहे. ओहायोच्या बाई शुक्रवारी दुसऱ्या सामन्याला येतील.

आशीर्वाद असू द्या. आल्यावर सविस्तर लिहीन.

राजश्री


अमरावती
७ फेब्रुवारी २०२४

चि. राजश्री,

चेंडू कोणत्या दिवशी लागला ते तू लिहिलं नाहीस. तारीख कळव.

दिनकर भोयर


अमरावती
३ मार्च २०२४

चि. राजश्री,

तुझं उत्तर नाही. सूनबाईनं तुझ्या मिस्टरांना, देवदत्तरावांना फोन केला होता. ते एवढंच म्हणाले की राजश्री बोलायच्या मनःस्थितीत नाही आणि त्या मुलीचं ऑपरेशन झालंय. कोणत्या मुलीचं ते मी विचारत नाही.

लिहिता येईल तेव्हा लिही. काहीही असो, लिही.

दिनकर भोयर


महबूला
२४ मार्च २०२४

सर,

चेंडू लागला तो दिवस गुरुवार, एक फेब्रुवारी. सामना शुक्रवारी, नऊ तारखेला. आठ दिवस झाले होते. तुमचं सात तारखेचं पत्र मी विमानतळावर वाचलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.

आता सगळं लिहिते.

त्या गुरुवारी संध्याकाळी बॅटला निसटता लागलेला फाउल चेंडू सरळ मास्कवर बसला. इक्रा मागे पडली, बसून राहिली. मी विचारलं, "किती बोटं?" तिनं बरोबर सांगितलं. मग म्हणाली, "कोच, प्लीज, कुणाला सांगू नका." मी तिला घरी पाठवलं आणि हफिजाबाईंना फोन केला. तोपर्यंत मी नियमानं वागले.

रविवारी हफिजाबाई ड्यूटीवरून थेट आमच्या घरी आल्या, युनिफॉर्मवरच. हातात चिठ्ठी. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची, जे एका खासगी क्लिनिकमध्ये बसतात. मी विचारलं, "डॉक्टरांनी तिला तपासलं का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी तपासलं. मी बावीस वर्षं नर्स आहे मॅडम. रात्री तीनदा उठवून बघते तिला. उलटी नाही, काही नाही." मग म्हणाल्या, "त्या बाई परत येणार नाहीत. तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणून मी चिठ्ठी घेतली. डॉक्टरांनी मुलीला बघितलेलंच नाही हे कळूनही घेतली. फाइलमध्ये लावली आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले. त्या पत्रात तारीख मी मुद्दाम लिहिली नाही. लिहिली असती तर तुम्ही दिवस मोजले असते.

एवढंच असतं तर म्हणता आलं असतं की मी एका नर्सवर विश्वास ठेवला. पण विमानात इक्रानं खिडकी बंद करून घेतली, वरचा दिवा बंद केला, गॉगल घातला. हॉटेलात तिनं मला खोलीचा नंबर विचारला, मी सांगितला, दहा मिनिटांनी परत विचारला. मी तिला बाजूला घेतलं. "इक्रा, खरं सांग. डोकं दुखतंय?" ती म्हणाली, "आय अॅम फाइन, कोच. मी नर्व्हस आहे." मी तिच्या डोळ्यांत बघितलं, सर. ती खोटं बोलत होती आणि ते मला कळलं. तुमच्या नियमातली तिसरी गोष्ट, माझी खात्री, ती तेव्हा पटली होती. उलट्या बाजूनं पटली होती. मी म्हटलं, "बरं, झोप लवकर."

पहिला सामना तिनं नीट खेळला. दुसऱ्याला ओहायोच्या बाई आल्या, कुंपणाशी वही घेऊन बसल्या. तिसऱ्या इनिंगमध्ये समोरची मुलगी तिसऱ्या बेसवरून होमप्लेटकडे आली. थ्रो वेळेवर आला, इक्रानं तो पकडला, चेंडू तिच्या अंगाला टेकवून टॅग केला. दोघी आपटल्या. फार जोरात नाही. असं प्रत्येक स्पर्धेत दहादा होतं. मुलगी आउट झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या बाईही वाजवत होत्या.

इक्रा उठली. चेंडू पिचरला द्यायला तिच्याकडे चालत गेली. अर्ध्या वाटेत थांबली आणि आईला हाक मारावी तसं काहीतरी म्हणाली. पिचरला ते कळलं नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तशीच कलंडली. मी पोचले तेव्हा तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती.

डोक्यात रक्तस्राव, मेंदूला सूज. त्याच संध्याकाळी कवटी उघडून ऑपरेशन केलं. सर्जननं मला बाहेर बोलावून विचारलं, "याआधी मार लागला होता का? कधी?" मी सांगितलं. त्यानं पेन थांबवलं आणि म्हणाला, "आठ दिवस. अजून सावरलेलं नसताना दुसरा बसला."

रात्रीच्या विमानानं हफिजाबाई आणि वाजिदभाई आले. अकरा दिवस ती बेशुद्ध होती. आता तिला कुवेतला आणलंय, हफिजाबाईंच्याच हॉस्पिटलमध्ये. डोळे उघडते. डावा हात हलत नाही. शब्द एकेक येतो, मध्ये खूप वेळ जातो. रमजान चालू आहे. हफिजाबाई रोजा ठेवून ड्यूटी करतात आणि इफ्तार मुलीच्या खोलीबाहेरच्या बाकावर करतात, एकट्या. वाजिदभाई आत बसलेले असतात. त्यांना अजून वाटतं की डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली होती. माझ्याशी ते नेहमीसारखंच अदबीनं बोलतात. परवा म्हणाले, "तुम्ही दोघींनी तिच्यासाठी केवढं केलंत." मला तिथून निघता येईना आणि थांबताही येईना.

क्लबनं चौकशी समिती नेमली आहे. अध्यक्ष आलोक देशमुख. त्यांनी फाइल बघितली, चिठ्ठी बघितली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद पूर्ण आहेत. तुम्ही लेखी निवेदन द्या. चिठ्ठी होती एवढं लिहिलंत तरी विषय संपेल." आणि मग, दारापाशी, हळू आवाजात, "माझ्या मुलीच्या वेळी दोन दिवस कमी होते. इथे किती?"

खरं लिहिलं तर हफिजाबाईंचं लायसन्स जाईल. नोकरी गेली की इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, आणि मुलीचा उपचार त्यांच्या नोकरीवर चाललाय. नाही लिहिलं तर मी सुटते. एप्रिलच्या पंधरा तारखेला निवेदन द्यायचं आहे.

मी काय करू ते सांगा. किंवा काहीच सांगू नका, पण हे वाचा.

राजश्री


अमरावती
२ एप्रिल २०२४

राजश्री,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मैदानावर गेलो नाही.

तुला धीर देणारं काही लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. तुला माफ करणं माझ्या हातात नाही आणि तूही ते माझ्याकडे मागितलेलं नाहीस, हे बरं केलंस.

माझं आधी सांगतो. तुझं पाच तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला समजलं होतं की तारीख तू लपवली आहेस. अठरा वर्षांची असल्यापासून तुला ओळखतो. तू काही विसरत नाहीस. मी दोन दिवस ते पत्र टेबलावर ठेवून बसलो. मग एका ओळीचं पत्र लिहिलं आणि कर्तव्य केलं असं मानलं. फोन लावता आला असता. मला ऐकू येत नाही, बोलता येतं. "त्या पोरीला खेळवू नको" एवढं बोलायला कान लागत नाहीत. नाही केला. का नाही केला ते सात आठवडे शोधतोय. मला वाटतं, मी बँकेत सांगून आलो होतो. ती जावी असं मलाही वाटत होतं.

नियम मोठ्या अक्षरात लिही म्हणून मी सांगितलं आणि तो मोडतोय हे दिसल्यावर गप्प राहिलो. हे तुझं ओझं कमी करायला लिहीत नाही. तुझं तुझ्याकडेच आहे.

निवेदनाचं. हफिजाबाईंबद्दल लिहिण्याचा तुला हक्क नाही, त्यांचं त्या बघतील. तुझं लिही. "आठ दिवस झाले होते हे मला माहीत होतं. हॉटेलात ती खोटं बोलतेय हे मला कळलं होतं. तरी मी तिला मैदानात उतरवलं." एवढी तीन वाक्यं पुरेत आणि ती खरी आहेत. चिठ्ठीचं विचारलं तर "माझी खात्री नव्हती" म्हण. खोटं बोलू नकोस, पण दुसऱ्याला पुढे करून आपण मागेही उभी राहू नकोस.

त्याआधी हफिजाबाईंकडे जा. त्यांना समितीच्या कागदावरून कळता कामा नये.

दिनकर भोयर


महबूला
२६ मे २०२४

सर,

उशीर झाला. झालं ते सगळं संपल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आठ एप्रिलला हफिजाबाईंकडे गेले. त्याच बाकावर बसल्या होत्या, पुढ्यात खजुराचा डबा, अजान व्हायची होती. मी काय लिहिणार आहे ते सांगितलं. त्यांच्याबद्दल एक शब्द नसेल हेही सांगितलं. त्या बराच वेळ डब्याचं झाकण उघडत-मिटत बसल्या.

"दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "वॉर्डातले सगळे मला बिचारी म्हणतात. माझ्या हातात चहाचा कप देतात. कुणी तरी एकानं विचारावं, हफिजा, तू काय केलंस, म्हणून वाट बघतेय मी."

अजान झाली. त्यांनी एक खजूर तोंडात टाकला.

"तुम्ही तुमचं लिहा," त्या म्हणाल्या. "माझं मी आज यांना सांगते."

त्याच संध्याकाळी त्यांनी वाजिदभाईंना सांगितलं. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बाकावर वाजिदभाई बसू लागले आणि हफिजाबाई आत. दोघं एका वेळी खोलीत नसतात. ईदच्या दिवशीही नव्हते.

पंधराला मी निवेदन दिलं. तुम्ही सांगितलेली तीनच वाक्यं, त्यांच्याखाली सही. देशमुखांनी ती मोठ्यानं वाचली. समितीतल्या कुणी तरी विचारलं, "पण चिठ्ठी होती ना?" देशमुख म्हणाले, "बाईंनी जे लिहिलंय ते चिठ्ठीपेक्षा स्पष्ट आहे." मला कायमचं काढलं. शाळेनंही राजीनामा मागितला, मी दिला. देवदत्तची नोकरी आहे, त्यामुळे आम्ही इथेच आहोत. सकाळी तो रिफायनरीत जातो आणि मी घरात असते. टीम बंद झाली. देशमुखांनी मुलीला खेळातून काढलं. सगळ्याच पालकांनी काढलं.

आठवड्याभरात हफिजाबाईंनी स्वतः हॉस्पिटलमध्ये लिहून दिलं. त्या डॉक्टरची नोकरी गेली, त्यांचीही गेली. परवा, अठ्ठावीसला, त्या इक्राला घेऊन दापोलीला जात आहेत. तिथे त्यांची बहीण आहे, रत्नागिरीला फिजिओथेरपी मिळेल म्हणतात. वाजिदभाई इथेच राहणार. घर चालवायला एकाला इथे राहावंच लागेल, पण ते कारण नाही हे तिघांनाही माहीत आहे.

ओहायोच्या बाईंचं पत्र आलं होतं. त्यांनी इक्राची चौकशी केली आणि लिहिलं की त्या दिवशी पहिल्याच इनिंगमध्ये तिला निवडायचं त्यांनी ठरवलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला.

काल इक्राला भेटायला गेले. तिनंच बोलावलं होतं. घरी, हॉलमध्येच पलंग टाकलाय. डोक्यावरचे केस बोटभर वाढलेत. सामान बांधून ठेवलं होतं. हफिजाबाई मला आत सोडून स्वयंपाकघरात गेल्या.

ती आता इंग्रजी फारसं बोलत नाही. आपलंच बोलते, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. ती म्हणाली, "कोच. अम्मी-अब्बा. भांडतात. माझ्यामुळे." मग खूप वेळानं, "तुम्ही विचारलंत. हॉटेलात. मी खोटं बोलले. तुम्हाला फसवलं. तुमची नोकरी गेली. सॉरी."

तीन महिने ती हेच धरून पडून होती, सर. आपण सगळ्यांना फसवलं, म्हणून हे झालं. आईचं, बापाचं, माझं, सगळ्यांचं नुकसान आपण केलं.

मी म्हटलं, "इक्रा, तू मला फसवलं नाहीस."

ती बघत राहिली.

"तू खोटं बोलतेस हे मला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला खेळवलं."

तिला ते समजायला वेळ लागला. मी परत सांगितलं, अगदी हळू. ओळखणं हे माझं काम होतं. मी ओळखलं आणि गप्प बसले. तू सतरा वर्षांची होतीस.

तिचा उजवा हात चादरीवर होता. तो तिनं आत ओढून घेतला.

"कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग माझी चूक नाही."

"नाही. तुझी नाही."

ती रडायला लागली. चेहऱ्याची एकच बाजू रडते आता. मी टिश्यू पुढे केला, तो तिनं घेतला नाही. इतके दिवस ती माझी वाट बघत होती, माफी मागायची म्हणून. मला बघून तिला बरं वाटलं होतं, मी आत आले तेव्हा ते दिसलं होतं. ते आता तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. एका दमात, मध्ये न अडखळता.

मी उठले. हफिजाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं, लिफ्टपर्यंत आल्या, बटण दाबलं. लिफ्ट आली तेव्हा आतून इक्रानं हाक मारली, "अम्मी," आणि त्या धावत गेल्या.

तुमची,
राजश्री